आपल्या शाळेची घंटा आणि बार्शी लाईट

आपल्या शाळेचा दिवस एका लोखंडाच्या तुकड्यावर सुरू व्हायचा आणि त्याच तुकड्यावर संपायचा. ऑफिसबाहेरच्या कडुनिंबाला जाड तारेने टांगलेला रुळाचा तुकडा आणि तो वाजवायला शिपाईमामांच्या हातात असलेला भला मोठा बोल्ट, हे चित्र या स्मरणिकेच्या कोणाही वाचकाला डोळे मिटून दिसेल. पहिल्या तासाचे ठोके सावकाश पडायचे; शाळा सुटण्याचे ठोके मात्र मामाही घाईघाईने द्यायचे. हा रूळ आला कुठून, असे आपण कधी विचारले नाही. कुर्डुवाडीत रुळाचा तुकडा कुठून आला हे विचारणे म्हणजे भीमेच्या काठी वाळू कुठून आली असे विचारण्यासारखे होते.

पुढे शाळेत विजेची घंटा आली आणि तो तुकडा अडगळीच्या खोलीत गेला. मेळाव्याच्या तयारीसाठी ती खोली उघडली तेव्हा मोडक्या बाकांच्या मागे तो सापडला. भंगारात जाणाऱ्या ढिगात तो ठेवलेला होता. आमच्या गटातल्या एकाने तो उचलून बाजूला काढला आणि परवानगी घेऊन आम्ही तो एका दिवसासाठी बाहेर नेला. त्याचे आम्ही काय केले ते पुढे सांगतो. आधी आमच्या गटाविषयी.

आम्ही सात जण. पाच जण १९७९ च्या दहावीच्या तुकडीतले, दोघे नंतरच्या. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शिक्षिका, एकाचे स्टेशनरोडला दुकान आहे, दोघांचे वडील रेल्वेत होते. त्या दोघांपैकी एक मी. माझे वडील वर्कशॉपमध्ये फिटर होते. छोटी गाडी बंद होऊन काही वर्षे झाल्यावर चहाच्या टेबलावर तिच्या आठवणी निघत आणि दर वेळी भांडण होई. एक म्हणे गाडी सकाळी इतक्या वाजता सुटायची, दुसरा म्हणे छे, तितक्या वाजता. शेवटी शिक्षिका असलेली आमची मैत्रीण म्हणाली, "भांडण्यापेक्षा लिहून काढा." त्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली. आमच्या मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही, नोंदणी नाही. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचे आणि बार्शी लाईट रेल्वेविषयी महिनाभरात जे मिळाले ते वहीत उतरवायचे, एवढाच नियम. वहीत तीन रकाने आहेत : पाहिले, ऐकले, कागदावर सापडले. कोणतीही गोष्ट कोणत्या रकान्यात जाते हे ठरल्याशिवाय लिहायची नाही. हा तिसरा रकाना आमच्या पुष्कळ लाडक्या गोष्टींच्या मुळावर आला. पण त्यानेच काही नव्या गोष्टी हाती दिल्या.

स्टेशन आपले, नाव दुसऱ्याचे

पहिली गोष्ट आपल्या गावाच्या नावाची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ पुण्याकडून १८५९ मध्ये आपल्या इथे पोहोचला आणि पुढच्या वर्षी सोलापूरला गेला. इथे जे स्टेशन झाले त्याचे नाव कुर्डुवाडी नव्हते. ते होते बार्शी रोड. स्टेशनच्या नावापुढे 'रोड' लागला की समजावे, ज्या गावाचे नाव आहे ते गाव इथे नाही. इथे उतरून रस्त्याने तिकडे जायचे. पुढे आपल्याच मार्गावर जत रोड आणि कळंब रोड ही स्टेशने झाली ती याच रीतीने. म्हणजे रेल्वेच्या लेखी आपण गाव नव्हतो, बार्शीला जाण्याची पायरी होतो.

बार्शी तेव्हाही मोठी पेठ होती. बालाघाटाच्या पलीकडचा, म्हणजे निजामाच्या मुलखातला कापूस आणि गळिताची धान्ये गाड्यांवर लादून बार्शीला येत आणि तिथून मुंबईकडे पाठवण्यासाठी पुन्हा बैलगाडीने बार्शी रोडपर्यंत. मधले अंतर सुमारे ३४ किलोमीटर. पावसाळ्यात काळ्या रानातून भरलेली गाडी ओढायची म्हणजे काय, ते ज्याने आखाडात चाक रुतलेले पाहिले आहे त्याला सांगायला नको.

ही अडचण ज्याने हेरली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर. तो १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून हिंदुस्थानात आला. मोठ्या रेल्वेला माल आणून देणाऱ्या छोट्या, स्वस्त फाट्यांची कल्पना त्याच्या डोक्यात बसली आणि बार्शीचा फाटा मिळवण्यासाठी तो अनेक वर्षे खटपट करत राहिला. त्यासाठी त्याने जीआयपीची नोकरीही सोडली. १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी ही गाडी धावू लागली. रुळांमधले अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या लाईनचे साडेपाच फूट; म्हणजे तिच्या निम्म्याहूनही कमी.

'लाईट' म्हणजे हलके नव्हे

इथे एक कबुली द्यायला हवी. शाळेत असताना आम्हा लाईटवाल्यांच्या मुलांना या गाडीची थोडी लाज वाटायची. रेल्वे कॉलनीतही दोन जाती होत्या : मोठ्या लाईनवाले आणि लाईटवाले. मोठ्या लाईनच्या ड्रायव्हरचा मुलगा मधल्या सुटीत म्हणायचा, "तुमची गाडी बैलगाडीच्या मागं राहते." वर्गातली बाकीची मुले हसायची. मी एकदा घरी येऊन वडिलांना विचारले की, आपली गाडी अशी का? ते जेवत होते. म्हणाले, "हलक्या रुळावर जड काम करते ती. मोठ्या गाडीला जमेल का?" आणि पुढचा घास घेतला. मला ते उत्तर म्हणजे स्वतःची समजूत वाटली होती.

पन्नाशी उलटल्यावर वहीच्या तिसऱ्या रकान्यात जेव्हा कॅलथ्रॉपची योजना उतरवली, तेव्हा वडिलांचे ते वाक्य शब्दशः खरे निघाले. रेल्वेमार्गाचा खर्च ठरतो तो गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर एका ॲक्सलखाली रुळावर किती भार येतो त्यावर. भरलेली गाडी चिखलात रुतते, पण तेच ओझे तीन गाड्यांत वाटले तर तिन्ही निघतात, तसेच हे. कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण असो, एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग रूळ हलका चालतो, पूल हलका चालतो, भराव थोडक्यात भागतो. पण इंजिनाला ओढायला वजन तर हवे. म्हणून त्याने ते वजन जास्त चाकांवर पसरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना ओढणारी आठ चाके होती आणि मागे आणखी चार. सहा ॲक्सल, प्रत्येकावर पाच टन. म्हणजे हलक्या रुळावर जवळजवळ तीस टनांचे इंजिन चालवता येईल. हे सगळे सामान इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ खास मार्ग टाकून तिथल्या इंजिनियर मंडळींना चालवून दाखवले होते. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरात लीक अँड मॅनिफोल्ड ही तेरा किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली. तिचा इंजिनियर कॅलथ्रॉपच. गेज तेच अडीच फूट, इंजिने किटसनचीच आणि डबेही आपल्या बार्शीच्या वळणाचे. आपली गाडी इंग्रजांच्या गाडीची नक्कल नव्हती. तिकडची गाडी आपल्या गाडीची धाकटी बहीण होती.

हे वाचले त्या रविवारी मी घरी परत येताना वर्कशॉपच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबलो. वडील जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

कोणाची सोय?

इतके झाल्यावर गटात अभिमानाचे वारे शिरले. एक जण म्हणाला, आपण फलक लावू या : जगाला छोटी रेल्वे शिकवणारे गाव. मला तेव्हा आठवीतला निबंध आठवला. विषय होता 'आमच्या गावची रेल्वे'. मी लिहिले होते की, बार्शी लाईट रेल्वे ही विठ्ठलाच्या वारकऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यात आली. इतिहासाच्या सरांनी त्याखाली लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते : "कोणाची सोय?" गुण कापले नव्हते. पण वर्गात उत्तरही सांगितले नव्हते.

फलकाचा विषय बाजूला ठेवून आम्ही सरांच्या त्या प्रश्नाला लागलो. आधी रूळ कधी कुठे पोहोचला ते पाहिले. १८९७ मध्ये बार्शी. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूर. १९०७ मध्ये बार्शीच्या पुढे तडवळे. १९११ मध्ये लातूर. १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरज. सगळा मिळून २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर. या क्रमातच अर्धे उत्तर आहे. पहिला रूळ गेला तो देवाकडे नव्हे, कापसाकडे. पंढरपूरचा फाटा नऊ वर्षांनी आला. तोपर्यंत मुंबई-पुण्याकडून रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरे आणि पुढचे सुमारे पन्नास किलोमीटर पायी किंवा बैलगाडीने जाई. कंपनी लंडनची, भागधारकांना नफा द्यायला बांधलेली. आषाढी-कार्तिकीची गर्दी हा तिच्या दृष्टीने भरवशाचा धंदा होता. आमच्या वहीत 'ऐकले' या रकान्यात वारीच्या दिवसांतल्या गाडीची वर्णने पाच जणांनी दिलेली आहेत आणि पाचही जणांनी टपावर बसलेली माणसे न विचारता सांगितली.

पण म्हणून वारकऱ्याची सोय झालीच नाही असे म्हणणेही खोटे ठरेल. एका आजींनी आम्हाला सांगितले की, त्यांच्या सासूला पाय अधू असल्याने पायी वारी कधी घडली नव्हती. तिला पंढरी दिसली ती या गाडीमुळे. कंपनीने रूळ कशासाठी टाकला हा एक प्रश्न आणि लोकांनी त्या रुळाचे काय केले हा दुसरा. आमच्या गटात हा फरक ओळखायला दोन वर्षे गेली.

लोकांनी काय काय केले त्याची यादी मोठी आहे. लातूरला गाडी पोहोचली आणि तिथली बाजारपेठ फोफावली. तिथली गंजगोलाई १९१७ ची, गाडीनंतर सहा वर्षांची. उलट धाराशिव जिल्ह्याचे ठिकाण असूनही जुन्या मार्गावर नव्हते आणि तिथल्या लोकांना रेल्वेसाठी ब्रॉडगेज येईपर्यंत, म्हणजे आणखी शंभर वर्षांच्या आसपास थांबावे लागले. बार्शी इंग्रजांची आणि पुढचा मुलूख निजामाचा. त्यामुळे ही इवलीशी गाडी दोन राज्यांची सरहद्द ओलांडायची आणि वाटेत निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, असायची. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर कसबे तडवळे येथे परिषदेसाठी आले होते. हे गाव आपल्याच मार्गावरचे. तिकडच्या घरांत त्या दोन दिवसांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात आणि त्यांत आगगाडी आणि सजवलेल्या बैलगाड्या हमखास येतात. आमच्या वहीत त्या 'ऐकले'मध्ये आहेत. ज्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत.

आणि आपले गाव? आपले गाव उभे राहिले ते दोन गेज जुळत नव्हते म्हणून. मोठ्या गाडीची वाघीण छोट्या रुळावर चालत नाही. त्यामुळे इथे आलेले प्रत्येक पोते, कापसाची प्रत्येक गाठ, साखरेचे, पेंडीचे, सिमेंटचे ओझे एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. कॅलथ्रॉपने इंग्लंडमधल्या छोट्या रेल्वेवर या अडचणीवर तोड काढली होती. तिथे मोठ्या गेजची अख्खी वाघीणच छोट्या गेजच्या खास गाड्यावर चढवून नेत. इथे ते काम हमालांच्या पाठीने केले. रेल्वेच्या हिशेबात माल बदलण्याचा हा खर्च तोट्यात धरतात आणि छोट्या गाड्या बंद करण्याच्या कारणांत तो नेहमी पहिला असतो. हिशेब बरोबर आहे. पण त्या तोट्यावर आपल्या वर्गातल्या किती मुलांच्या घरी चूल पेटत होती, ते हजेरीपटावरची नावे आठवली तरी कळेल.

हे गटात वाचून दाखवले तेव्हा आमचा दुकानदार मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझे आजोबा त्या यार्डात हमाली करायचे. मी आजवर सांगितलं नव्हतं." चाळीस वर्षे आम्ही एकमेकांना ओळखत होतो. फलकाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

बोरे, आणि जे राहून गेले

काही गोष्टी वहीने मोडीत काढल्या. चालत्या गाडीतून उतरायचे, बोरे तोडायची आणि पळत जाऊन पुन्हा गाडीत चढायचे, हा पराक्रम आपल्यापैकी प्रत्येकाने केलेला आहे, निदान प्रत्येक जण तसे सांगतो. आम्ही तो तपासला. चौदा जणांनी ही गोष्ट सांगितली, आठ वेगवेगळ्या जागा दाखवल्या. येडशीजवळ गाडी बालाघाटाची चढण चढायची तिथे हे शक्य आहे, सपाटीवर कठीण. अखेर एका ज्येष्ठ माजी विद्यार्थ्याने खरे सांगितले : "उतरलो होतो खरा. बोरंही तोडली. पण चढलो नाही. पुढच्या स्टेशनापर्यंत चालत गेलो आणि वडिलांचा मार खाल्ला." ही नोंद आम्ही मोठ्या आनंदाने 'पाहिले' या रकान्यात घातली.

काही कामे मात्र आमच्याच हातून निसटली. मिरज मार्गावर उभे आयुष्य काढलेले एक निवृत्त फायरमन काका होते. सांगोला, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग, बेडग, सगळी स्टेशने एका श्वासात म्हणायचे. प्रत्येक चढावर किती कोळसा टाकायचा, कुठे पाणी घ्यायचे, कोणत्या मोरीवर गाडी सावकाश न्यायची, हे मी कागदावर काढून देतो, असे ते म्हणाले होते. आम्ही म्हटले, दिवाळी होऊ द्या, मग निवांत बसू. दिवाळी झाली. आमच्यापैकी एकाच्या घरी लग्न निघाले. मार्गशीर्षात काका गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने एक जुना कागद दिला. त्यावर पंढरपूरपासून एक रेघ ओढलेली होती आणि पहिल्या चार खुणा केलेल्या होत्या. पुढे कोरा. तो कागद वहीत चिकटवलेला आहे. त्या दिवसापासून आमचा आणखी एक नियम झाला : माणूस 'या' म्हणाला की त्याच आठवड्यात जायचे.

कंपनीची ही रेल्वे १ जानेवारी १९५४ ला भारत सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली. पुढे सगळीकडे एकच गेज करण्याचे धोरण आले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात एकेक तुकडा करून पंढरपूर, बार्शी, लातूर, मिरज हे सगळे मार्ग ब्रॉडगेज झाले. ते व्हायलाच हवे होते. आज लातूरचा विद्यार्थी रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो. छोट्या गाडीच्या आठवणीसाठी त्याने कुर्डुवाडीला मध्यरात्री बोचके घेऊन गाडी बदलावी, असे कोणी म्हणू नये. आमच्या गटालाही तसे वाटत नाही. जुनी गाडी परत आणा असे आमचे मागणे नाही.

पण ती गाडी गेल्यावर तिच्या खुणांचे काय करायचे याचाही एक नमुना आम्हाला दिसला. इंग्लंडमधली ती धाकटी बहीण, लीक अँड मॅनिफोल्ड, जेमतेम तीस वर्षे चालली आणि १९३४ मध्ये बंद पडली. तीन वर्षांत, १९३७ मध्ये, तिच्या मोकळ्या झालेल्या वाटेवर पायी चालणाऱ्यांसाठी रस्ता केला गेला. आमच्या एका वर्गमैत्रिणीची मुलगी तिकडे शिकायला आहे. तिला आम्ही मुद्दाम पाठवले. तिने चालत जाऊन फोटो पाठवले : दरीतून जाणारी अरुंद वाट, सायकलवरची मुले आणि ह्यूम एंड या शेवटच्या स्टेशनच्या इमारतीत पाहुण्यांना माहिती देणारे छोटे केंद्र. आपल्याकडे येडशीच्या बाजूला नवा मार्ग जुन्यापासून दूर गेला तिथे जुना भराव, दगडी मोऱ्या, कुठे खडीचा पट्टा अजून दिसतो. दर वर्षी थोडा कमी दिसतो. आम्ही थंडीत तिकडे एक फेरी मारतो, मोऱ्या मोजतो, त्यांवरचे आकडे उतरवतो. चालू रुळावर पाय ठेवत नाही आणि शेतातून जायचे तर मालकाला विचारतो. बहुतेक मालक विचारल्यावर स्वतःच बरोबर येतात आणि आपल्या आजोबांची एखादी गोष्ट सांगतात.

घंटेचे वजन

आता त्या तुकड्याकडे वळतो. तो आपल्या छोट्या गाडीचा की मोठ्या लाईनचा, यावर गटात दोन पक्ष पडले. मग आठवले की याचे उत्तर तर तराजूत आहे. बार्शी लाईटचा मूळ रूळ दर यार्डाला तीस पौंड वजनाचा होता. कॅलथ्रॉपच्या पाच टनांच्या नियमाला तो पुरेसा होता. एक यार्ड म्हणजे तीन फूट. आपला तुकडा मोजला, तर बरोबर दीड फूट. म्हणजे तो छोट्या गाडीचा असेल तर पंधरा पौंड, सुमारे ६.८ किलो भरला पाहिजे. मोठ्या लाईनचा, नव्वद पौंडी असेल, तर वीस किलोच्या वर.

दुकानदार मित्राच्या तराजूवर तो ठेवला. एका पारड्यात शाळेची घंटा, दुसऱ्यात किलोची वजने. पाच टाकले, हलले नाही. सहा टाकले. मग अर्धा किलो. मग शंभर ग्रॅम. काटा मधोमध आला. सहा किलो सहाशे. दोन बाजूंची भोके, गंज आणि इतक्या वर्षांच्या बोल्टच्या ठोक्यांनी झिजलेली कड धरली, तर हिशेब जुळतो.

मी वहीत लिहायला घेतले : शाळेची घंटा बार्शी लाईटच्या मूळ रुळाची आहे. शिक्षिका मैत्रिणीने हात धरला. म्हणाली, "तीस पौंडी रूळ दुसरीकडेही असायचे. कारखान्यांच्या ट्रॉलीलाही. वजन जुळलं, एवढंच आपण पाहिलं." तिचे बरोबर होते. इतिहासाच्या सरांनी लाल शाईने हेच लिहिले असते. म्हणून नोंद अशी आहे : लांबी दीड फूट, वजन ६.६ किलो, तीस पौंडी रुळाशी जुळते. मोठ्या लाईनचा नक्की नाही. बार्शी लाईटचा असण्याची शक्यता मोठी. शाळेत तो कोणी आणला, हे कोणाला ठाऊक असेल तर कृपया कळवावे.

आणि विनंती एवढ्यावरच थांबत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेल. तीत वडिलांचे सर्व्हिस बुक, जाड पुठ्ठ्याचे एखादे जुने तिकीट, पास, शिट्टी, बिल्ला, वर्कशॉपमधला ग्रुप फोटो असेल. फोटो असला तर आज रात्रीच मागे नावे लिहून ठेवा. ती नावे सांगणारे माणूस घरात आहे तोवरच ती मिळतील. वस्तू आम्हाला देऊ नका, आपल्याच घरी राहू द्या. फक्त आम्हाला बोलवा. आम्ही वही घेऊन येतो, उतरवून घेतो आणि लिहिलेले वाचून दाखवतो. ज्याने सांगितले त्याला ते पटले, तरच ते वहीत राहते.

मेळाव्याच्या दिवशी आपला रुळाचा तुकडा पुन्हा कडुनिंबाला टांगलेला असेल. मुख्याध्यापकांनी तेवढे मान्य केले आहे. पहिला ठोका कोणी द्यायचा यावर अजून आमचे भांडण चालू आहे. पण आमच्या वहीची बैठक त्याच झाडाखाली, जेवणाच्या सुटीत आहे. आपली गोष्ट घेऊन या, आणि घरात कोणी सांगणारे असेल तर त्यांनाही घेऊन या. खुर्च्यांची व्यवस्था केली आहे.